जिप्सीच्या पेट्रोल इंजिनवर स्विफ्ट डिझेलचा भंगारातला टर्बो: काय जपायचं?

जिप्सी_सातारा
ऑटोक्रॉससाठी (छोट्या वळणदार ट्रॅकवरची वेळेची शर्यत) जिप्सी बांधतोय. इंजिन जी13बीबी, 1298 सीसी, एमपीएफआय (इंजेक्टरवालं), आतून पूर्ण स्टॉक. दोन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) मिळतायत, दोन्ही 1.3 डिझेलचे: 75 पीएस स्विफ्टचा फिक्स पात्यांचा केपी35 आणि 90 पीएस अर्टिगाचा व्हीजीटी (गरम बाजूच्या पात्या हलणारा). बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) 0.4 बार पुरे. कोणता घेऊ, घेताना काय बघू, आणि पेट्रोलवर बसवताना नेमकं कुठे फसतं?

लेथवाला_उद्यमनगर
केपी35 घ्या. व्हीजीटीच्या पात्या डिझेलच्या 800 अंशांच्या आसपासच्या धुरासाठी बनवलेल्या असतात. पेट्रोलचा धूर 950 च्या पुढे जातो, मग पात्या फुगून अडकतात. बंद स्थितीत अडकल्या की बूस्ट आवरत नाही. पेट्रोल गाडीत व्हीजीटी चालवायला 2006 च्या पोर्शे 911 टर्बोला खास उष्णतारोधक मिश्रधातू वापरावे लागले, भंगारातल्या टर्बोत ते नसतात.

घेताना शाफ्ट आधी आत-बाहेर ओढून बघा. डायल गेजवर 0.1 मिमीच्या वर प्ले (ढिलेपणा) आला तर कोअर (शाफ्ट आणि बुशचा मधला भाग) बाद. आडवा प्ले थोडा लागणारच, बुश तेलावर तरंगतात आणि हातात घेतलेला टर्बो कोरडा असतो. खरी खूण म्हणजे पंख्याच्या टोकांची घासपट्टी. हाउसिंगच्या आत चकचकीत गोल ओरखडा दिसला तर तिथेच ठेवून या. गरम बाजूला वेस्टगेटच्या (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाजवळ केसासारखी चीर असते, काजळी पुसल्याशिवाय ती दिसत नाही. पंख्यावर सँडब्लास्ट मारू नका, बॅलन्स जातो. डिझेलमध्ये रात्रभर भिजवा आणि नायलॉनच्या ब्रशने काजळी काढा. कोअर उघडणार असाल तर नट, पंखा आणि शाफ्ट यांवर एका रेषेत खूण करून मगच उघडा.

मॅनिफोल्डला पातळ एसएस पाइप नको, टर्बोच्या वजनाने वेल्डजवळ तडकतो. शेड्यूल 40 चे एमएस बेंड आणि 10 मिमी फ्लँज घ्या. वेल्ड करताना फ्लँज जुन्या हेडला बोल्टने आवळून ठेवा, नाहीतर वाकेल. शेवटी फ्लँजचा फेस मारून (मशीनवर सपाट करून) घ्या.

मॅप_आणि_टाइमिंग
वरच्या उत्तरात अ‍ॅक्च्युएटर (बूस्टच्या दाबाने रॉड ढकलून वेस्टगेट उघडणारा स्प्रिंगचा डबा) राहिला, आणि इंजिनं जास्त करून तिथेच जातात. डिझेलला एक बारच्या वर बूस्ट चालतो, म्हणून त्याची स्प्रिंग कडक असते. बूस्ट कंट्रोलर लावून बूस्ट वाढवता येतो, स्प्रिंगच्या खाली आणता येत नाही. गेज असलेला सायकलचा पंप नळीला जोडा आणि रॉड किती बारला हलतो ते बघा.

इंधनाचा हिशोब: 110 एचपी धरले तर बूस्टवर दर एचपीला साधारण 6.3 सीसी मिनिटाला, म्हणजे 693. चार इंजेक्टर, प्रत्येक 80 टक्केच उघडा ठेवायचा, म्हणजे 217 सीसीचा एक. 240 चे घ्या, आणि ई20 ला (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सात-आठ टक्के जास्त लागतं हे धरून 260 चे घेतलेत तर उत्तम. वाइडबँड (धुरातलं मिश्रण मोजणारा सेन्सर) लॅम्डावर लावा (1 म्हणजे नेमकं पुरेसं इंधन, खाली म्हणजे जास्त), बूस्टमध्ये 0.80. एएफआरचा (हवा-इंधन प्रमाणाचा) आकडा बघाल तर ई20 वर फसाल.

कॉम्प्रेशन 9:1 आहे, त्यामुळे इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) लागेलच. दर 0.07 बारला एक अंश टाइमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेऊन सुरुवात करा, 0.4 ला सहा अंश होतात. डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे त्याच्या पाइपिंगमध्ये ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (अडलेली हवा बाहेर सोडणारी झडप) मिळणार नाही. तुम्हाला थ्रॉटलच्या अलीकडे तो लावावाच लागेल, नाहीतर पाय उचलताच हवा उलटी पंख्यावर आपटते.

जिप्सी_सातारा
पंप लावून बघितलं. रॉड 1.1 बारला हलतो. रॉड लांब करून 0.4 वर येईल का?

मॅप_आणि_टाइमिंग
नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त झडप नीट बसत नाही. मग खाली धूर गळून टर्बो उशिरा जागा होतो आणि वरती बूस्ट तरीही चढतो. छोट्या पेट्रोल टर्बोचा 0.3 ते 0.4 बारचा अ‍ॅक्च्युएटर घ्या आणि ब्रॅकेट नवीन बनवा. रॉड जोडताना झडप बंद असताना दोन मिमी ताण राहिला पाहिजे.

लेथवाला_उद्यमनगर
ब्रॅकेट कॉम्प्रेसरच्या बाजूला बांधा, गरम बाजूला डायफ्राम भाजतो. आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: केपी35 लहान आहे. 3000 आरपीएमच्या आत जागा होईल, पण 5500 च्या वर गळा आवळेल. टर्बाइनच्या आधी तांब्याची नळी काढून प्रेशर मोजा. ते बूस्टच्या दुप्पट झालं की गरम धूर सिलिंडरमध्येच राहतो आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) सुरू होतं. ऑटोक्रॉसच्या छोट्या वळणांना हे चालेल, लांब ट्रॅकला 1.5 ते 2 लिटर डिझेलचा फिक्स टर्बो शोधा.

तेलपाणी
तेलावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फीड ऑइल प्रेशर स्विचपाशी टी लावून घ्या. रिटर्न किमान 16 मिमी आतून, सरळ खाली उतरणारा, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर. रिटर्न अडला की तेल सीलमधून बाहेर येतं आणि निळा धूर बघून लोक चांगला टर्बो फेकून देतात. याला पाण्याचं कूलिंग नाही, म्हणून फुल सिंथेटिक तेल भरा आणि बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर बुशमध्ये तेल जळून कोळसा होतो.

गाडी ट्रेलरवरच न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे असा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही.

पहिल्या स्टार्टआधी टर्बोच्या फीडमध्ये पिचकारीने तेल भरा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि दहा-दहा सेकंद क्रँक करा. रिटर्नची नळी चेंबरपाशी सोडून खाली डबा ठेवा. डब्यात तेल पडताना दिसल्याशिवाय फ्यूज परत लावू नका.