चिऱ्याच्या भिंतीला लाकडाचा रॅक कसा बसवावा?

गोठ्यातला सुतार

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. जुना गोठा रिकामाच होता, तो झाडूनपुसून कामाची खोली केली आहे. सुतारकाम हौसेचं, पोटापाण्याचं नव्हे, पण लाकूड मात्र वखारीइतकं साठलंय. जुनं घर उतरवलं तेव्हाचे सागवानी आणि नाणा नावाच्या झाडाचे वासे आहेत, ९-१० फुटी, काहींत अजून खिळे. परसातला फणस वादळात पडला, त्याच्या दीड इंची फळ्या कापून आणल्यात, त्या अजून ओल्या आहेत. शिवाय प्लायचे तुकडे, जे टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. सगळं जमिनीवर एकावर एक पडलंय आणि हवी ती फळी नेमकी तळाशी असते.

खोली १६ बाय १० ची. लांबीची एक भिंत पूर्ण मोकळी आहे, पण ती वळचणीकडची, त्यामुळे उंची जेमतेम ७ फूट. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आतून गिलावा. आधी अंदाज घ्यावा म्हणून १० मिलीचा एक फास्टनर (भोकात फुगून धरणारा बोल्ट) मारून बघितला. ड्रिल विनातक्रार आत गेलं, पण आवळायला लागलो तर बोल्ट नुसता फिरतोय आणि भोकातून तांबडी भुकटी गळतेय. गावातले मेस्त्री म्हणतात, "कशाला हो ते फास्टनर? सागाच्या खुंट्या ठोकून देतो, त्यात स्क्रू मारा." जुन्या घरात तसंच असायचं हे खरं, पण त्या खुंट्यांना टोपी आणि छत्री लटकायची, वासे नव्हे.

माझा विचार असा होता: भिंतीला लोखंडी ब्रॅकेट मारायचे, १५ इंच बाहेर आलेले, एकावर एक चार थर. ही भिंत ते पेलेल का? लोखंड घ्यावं की जुन्या वाशांतूनच काही करावं? आणि ओल्या फणसाला याच रॅकवर जागा द्यावी का? मृग लागायच्या आत उरकायचं आहे. एकदा पाऊस धरला की गणपतीपर्यंत आमच्या भिंती ओल्याच.

उद्यमबागवाला

फॅब्रिकेशन हाच माझा धंदा, तेव्हा लोखंड घ्या म्हणण्यात माझा फायदा. तरी आधी हिशेब बघा. सागवान घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतं. १० फूट लांब, १५ इंच रुंद आणि फूटभर उंच असा एक थर रचला तर साडेबारा घनफूट, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. चार ब्रॅकेटवर वाटलं तर प्रत्येकी ५८ किलो.

त्या ५८ किलोंचा भार भिंतीपासून साडेसात इंचांवर धरा. ब्रॅकेटचे दोन बोल्ट ६ इंच अंतरावर असतील तर वरचा बोल्ट ७२ किलोंनी बाहेर ओढला जातो. चार थरांचे मिळून असे वरचे सोळा बोल्ट, तेही चिऱ्यात. चिरा दाबाला उत्तम, पण आतून भोकांचा. फास्टनर फुगला की त्याच्या बाजूची भिंतच चुरते.

आता तेच चार थरांचे चार ब्रॅकेट, म्हणजे हात, एका उभ्या खांबाला लावा आणि खांब जमिनीवर टेकवा. सगळं वजन खाली फरशीवर गेलं. भिंतीकडे फक्त खांब पुढे कलू न देण्याचं काम उरलं. ६ फुटांवर बांधलात तर चारही थर भरल्यावरही तिथली ओढ २४ किलोंच्या आसपास. तेवढ्यासाठी भिंतीत आरपार भोक पाडून आटे पाडलेला रॉड घाला, बाहेरून ४ इंची पट्टीचा वायसर. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा आणि नीट बुजवा, नाहीतर पावसाचं पाणी रॉडवरून आत. छताची तुळई दणकट असेल तर तिलाच बांधा, भोकही नको.

मेस्त्रींना दुखवू नका, खुंट्या त्यांना करवत टांगायला ठोकू द्या.

रंधा-पटाशी

वर सांगितलंय ते पटलं. फक्त खांबाला लोखंड कशाला? ४ बाय ३ चे वासे तुमच्याकडे आहेतच की. ४ इंचांच्या बाजूने आरपार भोक पाडायचं आणि एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप हात म्हणून घट्ट ठोकायचा. हात सरळ आडवा ठेवू नका, १५ इंचाला पाऊण इंच उठाव द्या, म्हणजे लाकूड पुढे घसरत नाही. दर ३ फुटांवर खांब, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा फूट बाहेर. फळ्या पातळ असतील तर मध्ये आणखी एक खांब, नाहीतर झोल पडतो. जड वासे सगळ्यात खाली. खांबाखाली दगड किंवा पत्रा द्या, वाळवी तिथूनच चढते. भिंत आणि लाकूड यांच्यात दोन बोटं फट हवीच.

फणस मात्र रॅकवर अजिबात नको. त्याला जमिनीवरच, पण फूटभर उंच ठोकळ्यांवर थप्पी. प्रत्येक थरात पाऊण इंची कोरड्या रीपा, दीड ते दोन फुटांवर, आणि वरची रीप बरोबर खालच्या रीपेवर. रीप इकडेतिकडे झाली की फळी तिथेच वाकते. टोकांना जुना ऑइलपेंट फासा, टोकं आधी सुकतात आणि फाटतात. वर दगडाचं वजन ठेवा. उघड्यावर नको, पण वारा हवा. इंचाला वर्ष हा ढोबळ हिशेब, त्यामुळे दीड इंचाला दुसरा पावसाळा धरून चला.

आणखी एक. वाशांतून बारीक पीठ पडतं का बघा. पडत असेल तर भुंगेरा आहे, तो वासा फणसाशेजारी ठेवू नका. सागाचा गाभा टिकतो, बाहेरचं पांढरं लाकूड खातात. टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने दोनतीनदा पाजा.

गोठ्यातला सुतार

लाख मोलाचं बोललात दोघेही. चार खांबांपुरते वासे बाजूला काढलेत, एकातून पीठ पडतंय, तो बाद. तुळई नाण्याची आहे, ठणठणीत, तिलाच बांधतो. आता प्लायच्या तुकड्यांचं काय करू?

निपाणकर

उभे ठेवा, चाकांच्या पेटीत कप्पे करून. वर्षभरात हात लागला नाही तो तुकडा बंबात.

रंधा-पटाशी

बंबात नको हो! प्लायमधल्या गोंदाचा धूर वाईट. कोंबड्यांच्या खुराड्याला लावा.