अंतःप्रेरणा कशी ओळखली आणि मग काय केले? : अनुभव

‘देवाने सुचवले’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ते सुचणे नेमके कसे होते, मनाच्या खेळापासून ते वेगळे कसे ओळखले आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय केले, हे क्वचितच कोणी सविस्तर सांगते. म्हणून हे निमंत्रण. चमत्कारच सांगायला हवेत असे नाही. ज्यातून काहीच निष्पन्न झाले नाही असे अनुभवही हवेत, किंबहुना ते अधिक हवेत.

निवृत्त परिचारिका :
रात्रपाळीत एकदा फेरी आटोपून नोंदी लिहायला बसले असताना, खिडकीजवळच्या खाटेकडे पुन्हा जावे असे मनात आले. कारण काहीच नव्हते. नाडी, ताप, रक्तदाब सारे ठीक होते. दुर्लक्ष केले तरी तो विचार परत परत येत राहिला, मात्र त्यात घाई नव्हती की भीती नव्हती. गेले तर आजोबा जागे होते. चष्मा लावलेला, हातात मोबाइल आणि बोट मुलाच्या नावाशी येऊन थांबलेले. ‘‘इतक्या रात्री लावू का?’’ एवढेच त्यांनी विचारले. मी ‘‘लावा’’ म्हटले आणि पलीकडून आवाज येईपर्यंत शेजारी उभी राहिले. त्यांच्या प्रकृतीला त्या रात्री काही झाले नाही; यथावकाश ते बरे होऊन घरी गेले. पडद्याआडून येणारा मोबाइलचा उजेड मी नकळत टिपला असेल, हे मला कळते. पण देवाला माझ्याच डोळ्यांकडून काम करून घ्यायचे असेल, तर त्यात नवल ते काय?

लेखापाल :
हिशेबाच्या नोकरीमुळे असेल, पण मनात आलेली गोष्ट मला पडताळून घ्यावीशी वाटते. ज्या प्रेरणेत माझा मोठेपणा आहे, ती मी आधी बाजूला ठेवतो. ही कसोटी मला स्पेनचे ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात सापडली. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेले हे सरदार अंथरुणावर पडल्यापडल्या कधी शौर्याची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्हींत सारखाच आनंद होई. परंतु पहिली ओसरल्यावर मन कोरडे पडे आणि दुसरी ओसरल्यावरही प्रसन्न राही, हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि पुढे त्यांची विवेकाची सारी शिकवण त्यावर उभी राहिली. एका संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारावे अशी ‘प्रेरणा’ मला झाली होती. चार दिवसांत तिचा मागमूस उरला नाही. त्याच संस्थेत अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवावीत, हा विचार मात्र टिकला. भूमितीतील आकृती शब्दांत कशी उभी करावी, हे मी अजून शिकतो आहे.

गृहिणी :
जुन्या मैत्रिणीला फोन करावा असे तीव्रतेने वाटले, म्हणून केला. ती मजेत होती, घाईत होती. पुढे काहीही घडले नाही. पुन्हा वाटले तर पुन्हा करीन.

शिक्षक :
मला ‘हे कर’ असे आतून कधीच येत नाही. येते ते ‘नको’. सॉक्रेटिसने न्यायालयात आपल्या अंतःसूचनेविषयी हेच सांगितल्याचे प्लेटोने नोंदवले आहे : ती अडवते, प्रवृत्त करत नाही. वाटणीच्या वादावरून धाकट्या भावाला मी लांबलचक संदेश लिहिला होता आणि त्यातील एकही वाक्य खोटे नव्हते. पाठवताना मात्र हात अडला. सगळे पुसले आणि ‘समोरासमोर बोलू’ इतकेच पाठवले. वाद मिटलेला नाही, पण बोलणे चालू आहे.

औषधनिर्मात्या :
एक आक्षेप नोंदवते. आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी ‘देवाने सांगितले’ म्हणून पत्नीची औषधे बंद करवली आणि ते भोगले तिने. तेव्हापासून कोणाचीही प्रेरणा ऐकताना तिचा भार कोणावर पडतो, हे मी आधी पाहते. मे १९३३ मध्ये गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नासाठी २१ दिवसांचे उपोषण केले, ते आतला आवाज ऐकून केल्याचे त्यांनी सांगितले. संशय घेणाऱ्याला पटेल असा पुरावा आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी मान्य केले. तो आवाज देवाचा होता का, यावर वाद घालता येईल. पण त्यासाठी उपाशी राहिले ते स्वतः.

अभियंता :
हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची एक रीत आम्ही पतिपत्नींनी उचलली आहे. त्यांच्यात मोठ्या निर्णयापूर्वी काही विश्वासू माणसे एकत्र बसतात, सल्ला देत नाहीत, केवळ प्रश्न विचारतात. मूल दत्तक घ्यावे असे आम्हा दोघांनाही वाटते आहे. मित्रमंडळींनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ‘मूल तुमच्या अपेक्षेसारखे निघाले नाही तर?’ याचे उत्तर अजून आम्हाला देता आलेले नाही, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आम्ही त्यांच्यासोबत पुन्हा बसणार आहोत.