मदत हवी आहे: घरी येऊन पायांची निगा करणाऱ्या सिस्टरची नोंदणी आणि कामाची हद्द कशी ठरवावी? (पुणे)

सोनटक्का
सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी एका नर्सिंग ब्यूरोशी लेखी करार करायचा आहे. सिस्टर महिन्यातून एकदा घरोघरी येऊन नखं कापणार, घट्टे-कुरुपं घासणार, पाय तपासणार. नावं दिलेल्यांत निम्मे मधुमेही आहेत, दोघांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. विचारायचं असं की पायांच्या कामासाठी वेगळा परवाना असतो का? ब्यूरो म्हणतो, "हत्यारं स्पिरिटने पुसून घेतो." तेवढं पुरेसं आहे का? आणि सिस्टरने कुठे हात थांबवायचा, हे करारात कसं लिहावं?

कोरांटी
वेगळा परवाना नाही. महाराष्ट्रात नर्स कोण हे कायदा सांगतो, पण तिने घरी येऊन पायावर नेमकं काय करावं हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणून तुमचा करार नीट असणं फार गरजेचं आहे.

आधी माणूस तपासा. जीएनएम, बीएस्सी नर्सिंग किंवा एएनएम यांपैकी नर्सिंगचा एखादा कोर्स झालेल्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्रावरची नूतनीकरणाची तारीख बघा, नुसती लॅमिनेट केलेली जुनी प्रत चालवून घेऊ नका. नर्सेसच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी (प्रत्येक नर्सचा स्वतंत्र ओळख) क्रमांकही मागा. दोन्हीकडचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर त्याचा कागद सोबत हवा.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: ब्यूरोकडून येणाऱ्या 'सिस्टर' पुष्कळदा जीडीए, म्हणजे रुग्णसेवेचा छोटा कोर्स केलेल्या मदतनीस असतात. अंघोळ घालणं, कूस बदलणं ही त्यांची कामं त्या उत्तम करतात. पण मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर ब्लेड चालवणं हे त्यांचं काम नव्हे. तेव्हा करारात 'नर्स' एवढंच न लिहिता 'कौन्सिलकडे चालू नोंदणी असलेली नर्स' असं लिहा, आणि ऐनवेळी बदली माणूस आला तरी हीच अट राहील हेही लिहा.

ब्यूरोने शुश्रूषागृहाचं नोंदणीपत्र दाखवलं तर त्यावर विसंबू नका. १९४९ चा तो कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागेसाठी आहे, तुमच्या दिवाणखान्यासाठी नाही. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, त्यामुळे प्रत्येक भेटीची पावती घ्या आणि तिच्यावर सिस्टरचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या.

त्रिफळा
स्पिरिटबद्दल स्पष्टच सांगते: नाही, पुरेसं नाही. स्पिरिटने जिवाणूंचे बीजाणू (त्यांची टणक, सुप्त रूपं) मरत नाहीत, आणि निपरच्या (नखं कापायच्या पकडीच्या) सांध्यात वाळलेलं रक्त असेल तर स्पिरिट त्याच्या खाली पोचतच नाही. नख कापताना कातडीला बारीक चीर जाते, ती दिसतही नाही. तेच निपर पुढच्या घरी गेलं की हिपॅटायटिस बी जायला वाट मिळते.

योग्य क्रम असा: वापरलेलं हत्यार झाकणाच्या कडक डब्यात, ओलसर ठेवून परत न्यायचं. मग ब्रशने धुऊन, सांधा उघडून, कोरडं करून पाऊचमध्ये घालायचं आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) मध्ये ठेवायचं: १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, किमान ३० मिनिटं. पाऊच तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर तारीख हवी, उष्णता दाखवणाऱ्या पट्टीचा रंग बदललेला हवा. पाऊच ओलसर असेल किंवा टाचणीएवढं भोक असेल तर ते हत्यार वापरायचं नाही. ब्लेड दरवेळी नवं. खरखरीत कानस नीट साफ होत नाही, म्हणून ती ज्याची त्याने घरी ठेवावी.

रंग बदलला म्हणजे उष्णता लागली, एवढंच कळतं. जंतू मेले की नाही हे बीजाणू-चाचणीवरून कळतं. ती आठवड्यातून एकदा व्हावी. ब्यूरोकडे तिची वही मागा.

सोनटक्का
ब्यूरोकडे ऑटोक्लेव्ह नाही. प्रेशर कुकर वापरू म्हणतात.

त्रिफळा
नको. कुकरचा दाब जवळपास तेवढाच असतो, पण आतली हवा पूर्ण निघाली का आणि पाऊच कोरडा झाला का, हे कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा प्रत्येकाच्या नावाचं स्वतंत्र निपर आणि कानस घ्या. काम झालं की साबणाने धुवा, पुसून पूर्ण वाळवा, त्याच घरात ठेवा. नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागाशी ब्यूरोने लेखी व्यवस्था करावी. ब्लेड आणि रक्त लागलेला कापूस सिस्टरने परत न्यायचा: ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत.

मेपलची पानं
कॅनडातल्या ओंटारिओत, मी राहते तिथे, ही हद्द कायद्यातच लिहिलेली असते. तुलनेसाठी सांगते, कारण हद्दीची भाषा इथून उचलता येईल. इथे १९९१ च्या कायद्याने कातडीच्या आतल्या थराखाली जाणारी क्रिया 'नियंत्रित कृती' ठरवली आहे, ती कोणीही उठून करू शकत नाही. नखं कापणं, वरवरचा घट्टा घासणं त्यात येत नाही. 'नर्स' ही पदवीही नोंदणीशिवाय लावता येत नाही, आणि कॉलेज ऑफ नर्सेसच्या संकेतस्थळावर कोणीही नाव टाकून नोंदणी बघू शकतं. पायांच्या तज्ज्ञांसाठी वेगळा कायदा आहे.

कोरांटी
हीच रेघ करारात घाला: "रक्त येईल इतकं खरवडायचं नाही. नखाचा कोपरा खोदायचा नाही. कुरुपाला अॅसिडची पट्टी लावायची नाही."

पहिल्या भेटीत नख कापण्याआधी पाय तपासायचे. दोन्ही पायांची नाडी. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाला स्पर्श कळतो का हे बघायचा नायलॉनचा धागा) घट्टा नसलेल्या जागी, वाकेपर्यंत, एक-दोन सेकंद. (एका दिवसात साधारण दहा जण तपासले की तो २४ तास बाजूला ठेवावा, नाहीतर मऊ पडतो आणि दाब चुकतो.) बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का बघायचं. तिथे मलम चोपडायचं नाही, कोरडं ठेवायचं.

नाडी लागत नाही, बोट काळंनिळं, पू, दुर्गंधी, जखमेभोवती दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त लाली, किंवा पाय न दुखताही एकीकडे गरम आणि सुजलेला: यातलं काहीही दिसलं तर काम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं. शेवटचं लक्षण 'मुरगळला असेल' म्हणून हमखास सोडलं जातं, आणि त्यात पायाची हाडं खचतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या दोघांसाठी ब्लेड वापरायला डॉक्टरची लेखी परवानगी हवी.

डॉक्टरचं नाव आणि फोन प्रत्येक घराच्या कागदावर सिस्टर यायच्या आधीच लिहून ठेवा.