टेकऑफ अर्ध्यात सोडला म्हणून क्रूवर ओरडायचं का?

रानजाई:
मागच्या महिन्यात पुण्याहून दिल्लीला निघाले होते, पहाटेचं विमान. धावपट्टीवर वेग घेतला, पाठ सीटला टेकली आणि तेवढ्यात इंजिनांचा आवाज एकदम पडला, पट्टा पोटात रुतला आणि मागच्या कुणाची तरी पाण्याची बाटली माझ्या पायाजवळून गडगडत पार पुढच्या दारापर्यंत गेली. विमान थांबल्यावर कुणी शब्द काढेना. मग कॅप्टननं सांगितलं, कॉकपिटमध्ये वॉर्निंग आली म्हणून टेकऑफ सोडला. पुढे चार तास गेले आणि त्या चार तासांत लोक केबिन क्रूमधल्या एका पोरीवर जे काही बोलले ते ऐकून मलाच रडू आलं. माझं म्हणणं सरळ आहे, शंका आली की थांबायचं आणि थांबणाऱ्याचे आभार मानायचे.

कोल्हापूरकर:
ताई, त्या मुलीवर ओरडणं चूकच, त्यात वाद नाही. पण ओरडणाऱ्यांचं पण ऐका ना. सासरे गेल्याचा फोन आला, मिळेल ते विमान पकडलं, ते असंच सुटता सुटता थांबलं आणि आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, बायकोला वडिलांचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. कारण काय तर 'तांत्रिक बिघाड', बास. नंतर ग्राउंड स्टाफमधला एक जण म्हणाला सेन्सरनं खोटी वॉर्निंग दिली होती. मग आभार कशाचे मानू? खोटी वॉर्निंग येईपर्यंत ते विमान उडवत का होते, हे विचारायचा हक्क आहे की नाही मला?

हँगरवाला:
विमानांच्या मेंटेनन्समध्ये १९ वर्षं काढलीत म्हणून लिहितो. रानजाईताई, 'शंका आली की थांबायचं' हे सुरुवातीच्या वेगापर्यंतच खरं आहे. साधारण ८० ते १०० नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी दीडशे ते १८५ किलोमीटर, बारीकसारीक कारणावरही थांबतात. त्याच्या पुढे फक्त आग, इंजिन जाणं, विंडशिअर (वाऱ्याची दिशा-वेग अचानक बदलणं) किंवा विमान उडणारच नाही असं काहीतरी. एअरबस तर ८० नॉट्सनंतर बऱ्याच वॉर्निंग स्वतःच दाबून ठेवते, पायलटचं लक्ष जाऊ नये म्हणून. आणि व्ही-वन हा ठरवलेला वेग ओलांडला, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, की बिघाड घेऊनच वर जायचं आणि फिरून उतरायचं, कारण उरलेल्या पट्टीत विमान थांबेलच याची खात्री नसते.
१९८२ ला स्पेनमधल्या मालागाला स्पॅनटॅक्स कंपनीच्या डीसी-१० विमानाच्या नाकाच्या चाकाचा टायर फाटला, जोरात हादरे बसायला लागले, कॅप्टननं नाक उचलायच्या वेळी थांबवायला घेतलं, विमान पट्टी सोडून हायवे ओलांडून गेलं. ३९४ पैकी ५० माणसं गेली, आणि मूळ कारण एक टायर.

रानजाई:
दादा, मग २०१७ चं मिशिगनचं काय? विलो रन विमानतळावर एमडी-८३ विमानात कॉलेजची बास्केटबॉल टीम होती, व्ही-वनच्या पुढे जाऊन कॅप्टननं थांबवलं, विमान पट्टीबाहेर गेलं पण सगळेच्या सगळे ११६ वाचले. नियम धरून बसला असता तर?

हँगरवाला:
त्याचं बरोबरच होतं, व्ही-वननंतर वर जायचं ते विमान उडू शकत असेल तरच. शेपटीचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा भाग, अडकला होता, कॉलम (पायलटसमोरचा दांडा) ओढला तरी नाक उचलेना, म्हणजे विमान उडणारच नव्हतं. आणि मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच, शेजारी त्याच्यावर देखरेख करणारा चेक कॅप्टन बसला होता, त्यानं मध्येच कंट्रोल ओढून घेतले नाहीत.
याच्या उलट १९९२, न्यूयॉर्क, टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं ट्रायस्टार विमान. चाकं नुकतीच सुटली आणि स्टॉलची, म्हणजे पंखांचा आधार सुटत असल्याची, वॉर्निंग म्हणून कॉलम थरथरायला लागला. फर्स्ट ऑफिसर उडवत होता, त्यानं तिथल्या तिथे कंट्रोल कॅप्टनला दिले, कॅप्टननं विमान परत पट्टीवर आपटलं. पंखाचा कणा तुटला, आग लागली, विमान जळून गेलं. २९२ लोक जिवंत बाहेर पडले हे नशीब आणि त्या क्रूची मेहनत. विमान मात्र व्यवस्थित उडत होतं, वॉर्निंग खोटी होती.

कोल्हापूरकर:
आणि ती खोटी का आली तेही लिहा की दादा. मी त्या अपघाताबद्दल वाचलंय. स्टॉल वॉर्निंगचा तो बिघाड त्या विमानात आधीही पुन्हा पुन्हा येत होता, मेंटेनन्सनं तो कायमचा काढला नाही, हे तपासात कारण म्हणून नोंदवलंय. म्हणजे पायलटला दोन सेकंदांत निर्णय घ्यावा लागला तो आधीच्या कित्येक दिवसांच्या ढिलाईमुळे. माझा राग तिथेच आहे.

हँगरवाला:
हे मान्य, शंभर टक्के. 'तपासलं, ठीक आढळलं' असं लिहून विमान सोडून द्यायचा मोह रोज होतो, कारण जमिनीवर तो बिघाड दिसतच नाही. तेव्हा हट्टानं पार्ट बदलायला लावणारा माणूस लागतो आणि उशीर झाला की पहिल्या शिव्या त्यालाच बसतात.
फक्त रानजाईताईंच्या चार तासांचं सांगतो. जोरात ब्रेक लागले की विमान थांबल्यावरसुद्धा काही मिनिटं ब्रेकचं तापमान चढतच राहतं, चाक फुटू नये म्हणून त्यातले फ्यूज प्लग वितळून हवा सोडतात. ते निवून, एकेक चाक तपासून, गरज पडली तर बदलूनच विमान सोडता येतं. तिथे घाई करायला सांगू नका कुणी.

कोल्हापूरकर:
घाई नकोच. चार काय आठ तास बसवा, पण कुठली वॉर्निंग होती आणि ती या विमानात आधी आली होती का, एवढं प्रवाशाला लेखी मिळालं पाहिजे.

रानजाई:
लेखी मागा, मी पण सही करते. पण ते त्या पोरीकडे नका मागू, चार तास ती पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती आणि तिचे हात थरथरत होते.