मदत हवी आहे: रॉड एंडमधला प्ले (ढिलेपणा) कसा घालवायचा?

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून लिहितोय. जुन्या जीपला मागं फोर लिंक सस्पेन्शन (अ‍ॅक्सल चासीला चार दांड्यांनी, म्हणजे लिंकनी, जोडलेला) बनवून घेतलंय, लिंकच्या दोन्ही टोकांना रॉड एंड (बॉडीत बॉल फिरणारा सांधा), आणि आता यवतेश्वर घाटात ब्रेक मारला की मागून टक्क आवाज येतो न् गाडी किंचित बाजूला सरकते, घरची माणसं बसतात त्यामुळं काळजी वाटते. गाडी पुढंमागं ढकलायला लावून जॉइंटवर बोट धरलं तर बॉल हलतोय ते स्पष्ट कळतं. चेक नट (रॉड एंड लॉक करणारा) टाईट, ब्रॅकेट डबल शिअर (बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला), बोल्टही भोकात घट्ट, म्हणजे झीज आतच आहे.

आत्ताचे मेटल टू मेटल आहेत. टेफ्लॉन लायनरवाल्यात (बॉलभोवती टेफ्लॉनचं अस्तर) नवीन असताना प्ले नसतो, पण कासकडची लाल धूळ आणि पावसाळ्यातला चिखल लायनर खाणार ना? वर रबरी बूट घातले तर किती टिकतात? का चासीकडं रबर बुश टाकून रॉड एंड फक्त अ‍ॅक्सलकडं ठेवू?

एक मिस्त्री म्हणतोय बॉडी प्रेसमध्ये दाबून प्ले काढून देतो, मला ते अजिबात पटत नाही, बॉल जाम झाला तर सगळा वाक शँकवर (रॉड एंडच्या आट्यांच्या दांड्यावर) येणार आणि तो तुटला की संपलं. कोणी वापरून बघितलं असेल तर साईजसकट सांगा, सातारा-सांगलीत चांगले कुठं मिळतात तेपण.