मदत हवी आहे: बोल्टेड जॉइंटमध्ये घर्षण असूनही बोल्टवर शिअर का येतोय?

नमस्कार मंडळी,

फायनाइट एलिमेंट मॉडेल (भागाचे छोटे तुकडे करून संगणकावर भार-ताण काढण्याची पद्धत) केलं आहे. दोन १० मिमी प्लेटांचा लॅप जॉइंट (एकावर एक ठेवून जोडलेल्या प्लेटा) आहे, ४ बोल्ट, एम१२, ग्रेड ८.८. प्रीलोड (बोल्ट आवळल्यावर त्यात येणारी ओढ) प्रूफ लोडच्या (कायमचा न ताणता बोल्ट सोसतो त्या भाराच्या) ७५ टक्के, म्हणजे बोल्टमागे साधारण ३६.७ किलोन्यूटन. घर्षण गुणांक ०.१५ धरला तर जॉइंट सुमारे २२ किलोन्यूटनपर्यंत घसरायला नको. बाहेरून शिअर लोड (प्लेटा एकमेकींवर सरकवू पाहणारा भार) १८ किलोन्यूटनच आहे. तरीही त्यातला जवळपास एक तृतीयांश बोल्टमधून जाताना दिसतोय, उरलेला कॉन्टॅक्टमधून, म्हणजे प्लेटांमधल्या घर्षणातून. बेरीज बरोबर १८ येते, त्यामुळे समतोलाचा प्रश्न नाही.

मॉडेलमध्ये बोल्ट बीम एलिमेंटचा (दांडा म्हणून एक रेषा) आहे आणि दोन्ही टोकं आरबीई२ स्पायडरने (ताठ जोडकाड्यांच्या जाळ्याने) भोकाच्या कडेच्या नोड्सना (जाळीच्या बिंदूंना) जोडली आहेत. पहिल्या स्टेपमध्ये प्रीलोड लावून लॉक, दुसऱ्यात बाहेरचा लोड. प्लेटा सॉलिड, मधे पेनल्टी पद्धतीचा (स्पर्शाला कडक स्प्रिंगसारखा धरणारा) कॉन्टॅक्ट.

माझा संशय दोन गोष्टींवर आहे. पेनल्टीमध्ये खरी घसरण होण्याआधीच थोडी लवचिक सरकण होते, आणि बोल्टच्या शँकभोवती (दांड्याभोवती) खरं तर मोकळी फट असते, ती या स्पायडरमुळे नाहीशी होते. म्हणजे प्लेट जरा सरकली की बीम लगेच वाकून भार घेतो. फटीग (वारंवार भार येऊन होणारी झीज-तडे) तपासायचा असल्यामुळे हे वाकणं मला सोडून देता येत नाही, नाहीतर सरळ दुर्लक्ष केलं असतं.

स्पायडर वॉशरखालच्या पूर्ण वर्तुळावर पसरवावा का? कॉन्टॅक्टचा स्पर्शरेषीय (सरकण्याच्या दिशेचा) कडकपणा किती वाढवला तर कन्व्हर्जन्स (गणिताचं उत्तर स्थिरावणं) बिघडत नाही? की डोकं आणि वॉशरखाली कॉन्टॅक्ट देऊन सॉलिड बोल्टच करावा? हाताच्या हिशोबाशी ताडून पाहिलेलं कुणाकडे असेल तर कृपया सविस्तर लिहा.