ऑफिस सांभाळणारी ताई सहा महिने रजेवर, तेही ऐन पाइपांच्या सिझनात. तयारी काय करू?

पाइपवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं पीव्हीसी पाइपचं लहान युनिट आहे, सगळी मिळून अठरा माणसं. ऑफिस एकटी ताई सांभाळते. बिलं, मालाच्या गाडीचं ई-वे बिल, जीएसटी, पगारपत्रक, डीलरांची वसुली, रेझिनच्या म्हणजे कच्च्या मालाच्या गाड्यांचा पाठपुरावा, सगळं तिच्याच टेबलावर. परवा तिने सांगितलं, जानेवारीअखेरची तारीख आहे. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी शहाद्याला जाणार. डिसेंबर लागताच रजा हवी, म्हणजे थेट जूनलाच परत. आणि आमचा धंदा जो काय होतो तो होळी ते मिरग.

आण्णांचं म्हणणं, तिला मोकळी कर आणि दुसरी ठेव. मला ते पटत नाही. पण सहा महिने तिचा पगार आणि वर बदलीच्या माणसाचाही, हे पेलायचं कसं? तिला 24 हजार देतो. माझ्या डोक्यात असं आहे की लॅपटॉप देऊन टाकावा, घरून थोडंथोडं बघेल. कोणी हे निभावलंय का?

करसल्लागार_भुसावळ

आधी आण्णांचा मुद्दा निकालात काढतो. गरोदरपणाच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. तो विषयच घरात नको.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांना 26 आठवडे झाले. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेवढेच आहेत. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की हक्क लागू. पगार ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, 21 हजारांच्या मर्यादेत असता तर पैसे ईएसआयने दिले असते. 24 हजारांवर ते तुमच्याच खिशातून.

आता रोकडीचं गणित. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यावे लागतात आणि नंतरचे बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार करू असं धरून बसू नका, फेब्रुवारीच्या तोंडावर एकरकमी लाख-सव्वा लाख तयार ठेवा. दवाखान्याची सोय तुम्ही फुकट करत नसाल तर 3,500 रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. तिच्याकडून रजेची तारीख आणि पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव लेखी घेऊन ठेवा.

आणि लॅपटॉपचं म्हणाल तर बाळंतपणानंतरचे पहिले 6 आठवडे तिला कामाला लावायलाच मनाई आहे. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं तरी ते कामच.

जिनिंगवाली_पाचोरा

दादा, मी त्याच खुर्चीवरून बोलतेय. जिनिंगमध्ये हिशोब बघत होते, बाळंतपणाला गेले तेव्हा शेठजींनी हाच लॅपटॉप दिला होता. बारशाला पाळण्याची दोरी हातात, बायका गाणं म्हणताहेत आणि फोन वाजतोय: "ताई, ओटीपी सांगा, गाडी गेटवर उभी आहे." ओटीपी माझ्याच मोबाइलवर यायचा ना! आत्या फोनकडे अशी बघत होती की जणू मीच काही गुन्हा केलाय.

म्हणून पहिलं काम तेच. आज ऑफिसात बसून बघा, कुठेकुठे तिचा नंबर टाकलाय. जीएसटी पोर्टल, ई-वे, ई-इन्व्हॉइस, पीएफ, टीडीएस, बँक. ई-वेला सब-युजर करता येतो, त्याला त्याचा स्वतःचा नंबर लावा. जीएसटीवर सहीचा अधिकार तुमचा असेल तर मोबाइल आणि ईमेलही तुमचाच हवा. बँकेत ती मेकर (पेमेंट टाकणारी) आणि आण्णा चेकर (मंजुरी देणारे) असं असेल तर मेकर बदलायचा अर्ज आत्ताच टाका. बँकवाले तुमच्या ताईची तारीख बघून काम करत नाहीत.

दुसरं, बदलीची मुलगी डिसेंबरला नाही, ऑक्टोबरच्या शेवटी आणा. महिनाभर दोन पगार जातील, जाऊ द्या. आणि नुसतं शेजारी बसवून "बघ हं" म्हणू नका. बघून काही येत नाही. नोव्हेंबरचा अख्खा महिना नवीच्या हातून काढा: 7 ला टीडीएस, 11 ला विक्रीचं जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला कर भरायचं जीएसटीआर-3बी. ताईने त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसायचं, माउसला हात लावायचा नाही. नवी अडली की येऊन विचारेल. जे जे विचारलं ते ते एका वहीत उतरवायचं. ताईला आयतं लिहायला सांगाल तर दोन पानं होतील, कारण तिला जे रोजचं आहे ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटतच नाही. नवीच्या प्रश्नांतून मात्र वही भरते.

टॅली कोणीही शिकतं. पार्टी कोणाला कशी लागते ते शिकायला वेळ लागतो. कोणाचा चेक कधी टाकायचा, कोणाला सकाळी फोन केलेला चालत नाही, कोण वटाव कापून वर रागावतो. वसुली तिच्या तोंडावर चालते, हे विसरू नका. निघण्याआधी तिने मोठ्या डीलरांना स्वतः फोन करून नवीचं नाव सांगावं.

नवीला पत्र देताना ताईच्या रजेपुरतं काम, असं साफ लिहा. घरातला भाचा-पुतण्या बसवू नका. तो खुर्चीवरून उठत नाही आणि मग जूनमध्ये ताईने कुठे बसायचं?

चटईवाले_आबा

आमच्याकडे बाळंतपण नाही, वारी आहे. मशीनवरचा ऑपरेटर दरसाल मुक्ताबाईच्या पालखीसोबत मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जातो. महिनाभर आशाच नाही. अडवून उपयोग नाही, तो नोकरी सोडेल पण वारी नाही.

मग आम्ही अखाजीपासूनच (अक्षय्य तृतीयेपासून) हेल्परला मशीनवर उभा करतो. मोठा स्टुलावर हाताची घडी घालून बसतो. धागा तुटला तरी उठायचं नाही, अशी त्याला ताकीद. पहिल्या आठवड्यात माल खराब जातो, तो मी धरूनच चालतो. पाचोऱ्याच्या ताईंचं बरोबर आहे भो, बठ्ठं एकाच मानूसना डोकामा ठेवलं की असंच होतं.

पाइपवाला_जळगाव

सगळ्यांचे आभार. काल ताईसोबत बसलो. सहापैकी चार ठिकाणी तिचाच नंबर निघाला. जीएसटीवर तर ईमेलही तिचा. आणि डीलरांची यादी काढताना कळलं की यावलचा एक डीलर रोखीचा वटाव कापतो आणि वर सिझनची स्कीमही मागतो. ताई त्याला दर वेळी एकच देते आणि गोड बोलून पाठवते. हे कुठल्याच लेजरमध्ये लिहिलेलं नाही.

लॅपटॉप रद्द. आण्णाही नरमले, पण 48 तासांचं ऐकून एकदा पाणी प्यायले. एक राहिलं: 31 डिसेंबरचं वार्षिक रिटर्न आणि 31 मार्चचा स्टॉक नवीला झेपेल का?

करसल्लागार_भुसावळ

वार्षिक रिटर्नचं, म्हणजे जीएसटीआर-9 चं काम ताई जायच्या आत, नोव्हेंबरमध्येच उरकून घ्या. आकडे मागच्या वर्षाचे आहेत, थांबायचं कारण नाही. तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न 31 जानेवारीला आणि चौथ्याचं 31 मे ला, दोन्ही रजेतच पडतात. ती सीएच्या ऑफिसकडे द्या, फार खर्च नाही.

जिनिंगवाली_पाचोरा

स्टॉकचं मी सांगते. ताई आणि नवी दोघींना एकदा गोडाऊनमध्ये पाठवा आणि खोटा 31 मार्च करा. रेझिन, तयार पाइप आणि दळून परत वापरायचं भंगार, तिन्ही वेगळं मोजायचं. भंगार कोणत्या भावाने धरता ते तुम्हालाच ठाऊक, ते वहीत लिहून त्याखाली तुमची सही करा. नाहीतर मार्चमध्ये नवी तुम्हाला विचारेल आणि तुम्ही सवयीने ताईला फोन लावाल.